न पाळलेलीं मांजरें

ज्या प्राण्याला आपण कधीं हात लावला नाहीं, ज्याचें नांव ठेवलें नाहीं आणि जो आपली चाहूल लागतांच पळून जातो, त्याचें आपण कांहीं देणें लागतों काय, हा प्रश्न सकृद्दर्शनीं पोरकट वाटण्याचा संभव आहे. आम्हांसहि तो बरींच वर्षें तसाच वाटत असे. दावणीच्या गाईविषयींचें कर्तव्य कोणी नाकारीत नाहीं. रानांतल्या कोल्ह्याला कोणी भाकरी घालूं लागला तर लोक त्याला हंसतील. या दोहोंच्या मधल्या जागीं मांजर बसलेलें आहे. चुलीपाशीं निजणाऱ्या आणि मुलांच्या पांघरुणांत शिरणाऱ्या घरच्या मनीविषयीं आम्ही येथें बोलत नाहीं. तिचा प्रश्न सोपा आहे. तिच्यावर लोभ जडलेला असतो, आणि लोभ असला म्हणजे कर्तव्याला वेगळें आमंत्रण लागत नाहीं. आम्ही बोलत आहों तीं शेतावरच्या मांगरांत राहणारीं, उंदरांवर जगणारीं आणि माणसाच्या सावलीलाहि न थांबणारीं मांजरें.

दक्षिण कोंकणांत आमची वडिलोपार्जित दोन-अडीच एकर जमीन आहे. थोडें भात, थोडी नाचणी, कांहीं आंबे-फणस आणि एक मांगर, एवढाच तिचा विस्तार. घाटावरच्या वाचकांसाठीं सांगितलें पाहिजे कीं, मांगर म्हणजे घरापासून कांहीं अंतरावर, शेताला लागून बांधलेली चिऱ्यांची कौलारू इमारत. खालीं गुरें बांधावयाचीं, माळ्यावर पेंढा रचावयाचा, एका कोपऱ्यांत भाताच्या कणग्या ठेवावयाच्या आणि दुसऱ्या कोपऱ्यांत नांगर, इरलीं, जुनीं पोतीं. अशा ठिकाणीं उंदीर न येतील तरच नवल. आणि उंदीर म्हणजे केवळ भाताची नासाडी नव्हे. त्याच्या मुतानें दूषित झालेल्या पाण्याचिखलांतून लेप्टोस्पायरोसिसचा ताप येतो, आणि भात लावणाऱ्या माणसाचे पाय सबंध पावसाळा चिखलांतच असतात. मांगरांतलीं मांजरें कोणी आणलीं नाहींत. भात सांठलें म्हणून उंदीर आले, उंदीर आले म्हणून मांजरें आलीं. आमच्या आजोबांच्या वेळीं तीं होतीं. त्यापूर्वींहि असलीं पाहिजेत.

हा क्रम आमच्या मांगरापुरता नाहीं. सायप्रस बेटांतील शिलुरोकॅम्बोस येथें सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वींचें एक दफन सांपडलें. त्यांत माणसाच्या सांगाड्याजवळच, हातभर अंतरावर, एका मांजराचा सांगाडा होता, असें फ्रेंच संशोधकांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलें. त्या बेटावर मांजर मूळचें नाहीं. तेव्हां कोणीतरी तें नावेंत घालून नेलें असलें पाहिजे. पुढें २००७ सालीं आनुवंशिक तपासणीवरून असें दिसून आलें कीं, जगांतील घरगुती मांजरांचें मूळ पश्चिम आशियांतील रानमांजरांत आहे. आणि धान्याची शेती करून तें सांठविण्यास आरंभ झाला तो त्याच प्रदेशांत. बैलाला आपण वेसण घातली, घोड्याला लगाम घातला; मांजर मात्र कोठाराच्या वासानें आपण होऊन आलें, आणि आपण त्याला हांकलून दिलें नाहीं. या हांकलून न देण्यांत कितपत वचन आहे, येथेंच खरा वाद आहे.

पुष्कळांच्या मतें त्यांत वचन मुळींच नाहीं. आहे तो निव्वळ व्यवहार. या मताचा अस्सल नमुना लंडनच्या टपाल खात्यानें घालून दिलेला आहे. तेथील मनी ऑर्डर कचेरींत उंदरांचा उपद्रव वाढला तेव्हां १८६८ सालीं तीन मांजरें सहा महिन्यांच्या बोलीनें नोकरीस ठेवण्यांत आलीं, आणि तिघांस मिळून आठवड्याला एक शिलिंग मंजूर झाला. उरलेलें पोट त्यांनीं उंदरांवर भरावें अशी वरिष्ठांची अपेक्षा होती. वाचून हंसूं येतें खरें. पण आमच्या घरांत तरी दुसरें काय होतें? ‘मांजराला पोटभर घातलें कीं तें आळसावतें’ हें वाक्य आम्हीं वडिलांच्या तोंडून इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, तें एखाद्या स्मृतिग्रंथांतलें असावें असें लहानपणीं वाटे.

या व्यवहारवादाला आधार हवाच असेल तर तो महाभारतांतहि आहे. शांतिपर्वांत भीष्मानें युधिष्ठिराला लोमश नांवाच्या मांजराची आणि पलित नांवाच्या उंदराची कथा सांगितली आहे. मांजर पारध्याच्या जाळ्यांत अडकतें. उंदरावर एकीकडून मुंगूस आणि दुसरीकडून घुबड टपलेलें असतें. उंदीर मांजराच्या पोटाशीं आसरा घेतो आणि बदल्यांत जाळें कुरतडण्याचें कबूल करतो. पण पारधी अगदीं जवळ येईपर्यंत शेवटची दोरी तोडीत नाहीं. सुटका झाल्यावर मांजर मोठ्या गोडीनें त्याला मित्र म्हणून बोलावतें, आणि पलित बिळाच्या आंतूनच नम्रपणें नकार देतो. गरज होती तोंवर सख्य होतें. गरज सरली, सख्यहि सरलें. आपद्धर्म म्हणून हें ठीक आहे. परंतु पलित दुर्बळ होता हें विसरून चालणार नाहीं. दुर्बळानें सबळाशीं हिशेबानें वागावें हें शहाणपण होय; सबळानें तीच कथा पुढें करून दुर्बळाशीं हिशेबानें वागावें, याला आम्ही तें नांव देण्यास तयार नाहीं. आणि मांगरांत सबळ कोण, हें सांगावयास नको.

बरें, तो हिशेब तरी बरोबर आहे काय? ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनीं इंग्लंडांतील कांहीं शेतांवर याच गोष्टीची पाहणी करून ती १९५३ सालीं प्रसिद्ध केली. उंदरांचा बुजबुजाट झालेल्या शेतावर नुसतीं मांजरें सोडून तो निपटत नाहीं. पण एकदां दुसऱ्या उपायांनीं उंदीर काढून टाकले तर मांजरें त्यांना पुन्हां शिरूं देत नाहींत, असें त्यांस आढळलें. मात्र यासाठीं मांजरांना जागेवरच कांहीं खावयास मिळालें पाहिजे. नाहीं तर तीं शिकारीसाठीं दूर भटकतात. आणि त्यांचा वचक इमारतींपासून पन्नासएक यार्डांपलीकडे चालत नसल्यामुळें जागा उघडी पडते. म्हणजे उपाशी मांजर शिकार करील, पण ती आपल्या मांगरांत करील असें नाहीं. आमचा अनुभवहि याहून निराळा नाहीं. भरल्या पोटींहि मांजर उंदीर मारतेंच. घुशीच्या वाटेला मात्र तें उपाशीपोटींहि सहसा जात नाहीं, आणि त्याबद्दल त्याला दोष देणारानें आधीं घूस जवळून पाहावी.

वडिलांच्या पश्चात्, २०१५ सालापासून, आम्हीं संध्याकाळीं मांगराच्या पायरीशीं मातीच्या परळांत भात आणि सुकट ठेवण्यास आरंभ केला. (दूध नव्हे. मांजर म्हटलें कीं दुधाची वाटी पुढें करण्याची आपल्याकडे चाल आहे. पण मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना गाईचें दूध पचत नाहीं व त्यानें पोट बिघडतें. शेजारीं स्वच्छ पाण्याचें दुसरें परळ असलें म्हणजे पुरे.) त्या वेळीं मांगरांत एक बोका आणि दोन मांजरी होत्या. परळ ठेवून आम्ही दहा-पंधरा पावलें मागें झालों म्हणजे पेंढ्याच्या आडून त्या एकेक उतरत. त्यांना खातांना पाहून आम्हांला जें समाधान होई तें थोडें नव्हतें. आपण वडिलांपेक्षां बरे, असेंहि मनांत येऊन जाई.

या समाधानाला एक साधा हिशेब ठाऊक नव्हता. मांजरी सहाएक महिन्यांची झाली कीं गाभण राहूं शकते, नऊ आठवड्यांत विते, आणि वर्षांतून दोन-तीन वेळां विणें तिला अवघड नसतें. आजवर हा हिशेब भूक परस्पर मिटवीत आली होती. आम्हीं भूक काढून घेतली आणि तिच्या जागीं कांहींच ठेवलें नाहीं. २०१७ च्या पावसाळ्याअखेर मांगरांत अकरा मांजरें झालीं. त्याच दिवाळीच्या सुमारास पिलांत सांथ आली. ओकाऱ्या, पातळ हगवण, पाण्याच्या परळावर मान टाकून नुसतें बसणें आणि दोन-तीन दिवसांत शेवट. हा विषाणुजन्य रोग आहे, तो दाटींत झपाट्यानें पसरतो आणि लसीनें टळूं शकतो, हें पशुवैद्यांनीं आम्हांस सांगितलें. पण तें मागाहून, आम्ही विचारावयास गेलों तेव्हां. पांच पिलें आम्हीं फणसाखालीं पुरलीं.

पुढच्या वर्षीं उन्हाळ्यांत पुन्हां तितकींच झालीं, आणि घरांत बोलणें सुरू झालें. गांवांत याला ठरलेला उपाय आहे: पोत्यांत घालावयाचीं आणि खाडीपलीकडे नेऊन सोडावयाचीं. मांजर मारलें तर काशीला सोन्याचें मांजर द्यावें लागतें, ही समजूत घरोघर आहे. सोडून आलें तर कांहींच द्यावें लागत नाहीं. आमच्या नीतीचा पुष्कळसा व्यवहार असल्या फटींतूनच चालतो. आम्हींहि तेंच केलें. तीन अर्धवट वाढलेलीं मांजरें सुकटीच्या आमिषानें धरून पोत्यांत घातलीं आणि तालुक्याच्या बाजारामागें, मासळीवाल्या बसतात तेथें नेलीं. तेथें त्यांना खावयास पुष्कळ मिळेल, असें आम्हीं घरच्या मंडळींना सांगितलें आणि स्वतःलाहि सांगितलें. पोत्याचें तोंड सोडतांच दोन मांजरें उधळलीं. तिसरें बाहेरच येईना. शेवटीं पोतें उलटें धरून झटकावें लागलें. तें झटकणें हात अजून विसरलेला नाहीं.

सतराव्या दिवशीं त्यांतलें एक परत आलें. पुलावरून आलें असावें. पाठीचा कणा वर आला होता आणि एक पाय तें टेंकीत नव्हतें. परळ समोर असून तें पुढें झालें नाहीं. आम्ही दिसेनासे होईपर्यंत चौथऱ्याच्या आडून पाहत राहिलें. पूर्वीं दहा पावलें पुरत होतीं. उरलेल्या दोघांचें काय झालें तें कळलें नाहीं. भुकेनें किंवा तहानेनें हाल होतील अशा स्थितींत कोणतेंहि जनावर विनाकारण टाकून देणें, हा १९६० च्या प्राणिक्रूरता-प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा ठरविला आहे, हेंहि आम्हांस पुढें कळलें. परंतु कायदा कळण्यापूर्वींच गोष्ट कळून चुकली होती, आणि ती कळण्याला गोठ्यांत शेण काढणाऱ्या काकी कारण झाल्या.

काकी म्हणाल्या, “पोटाला घातलंत ना तुम्ही? मग तुमचींच तीं. आतां नको म्हणून कसं चालेल?”

आम्ही म्हणालों, “अहो काकी, पण हात लावूं देत नाहींत तीं.”

“हात लावायला कशाला पाहिजे?” एवढें बोलून त्या पाटी उचलून निघून गेल्या.

या उत्तराचा आम्हीं पुष्कळ दिवस विचार केला. आपलेपणा म्हणजे काय, याचें आमच्या मनांतलें उत्तर असें होतें कीं, जें आपल्याला ओळखतें, आपल्याजवळ येतें, तें आपलें. ही कसोटी आपण मांजरांनाच लावतों असें नाहीं. जो दूरचा नातेवाईक तोंड देखत नाहीं, ज्या शेजाऱ्याशीं बोलणें नाहीं, त्याच्याविषयींचें कर्तव्य आपल्या हिशेबीं आपोआप पुसलें जातें. काकींची कसोटी दुसरी होती. त्या प्राण्याला आपल्याविषयीं काय वाटतें, हें त्या विचारीतच नव्हत्या. आपल्या करण्यानें त्याच्या आयुष्यांत काय फरक पडला, एवढेंच विचारीत होत्या.

या कसोटीनें पाहिलें म्हणजे एक जुनी अडचणहि उलगडते. मांगराच्या वाशांत गव्हाणी घुबडाचें एक जोडपें वर्षानुवर्षें राहत आहे, आणि तें उंदीर मारण्यांत मांजरांना हार जाणार नाहीं. बांधावरची धामणहि तेंच काम करते. त्यांचे उपकार मांजराइतकेच आहेत. मग त्यांना आपण खावयास घालावें काय? मुळींच नाहीं. घुबडाचें जीवन आपल्या परळावर उभें नाहीं, आणि आपण तें तसें उभें करूंहि नये. त्यांच्याविषयींचें कर्तव्य उलट प्रकारचें आहे: त्यांच्या वाटेंतून दूर राहणें. शेतांत झिंक फॉस्फाइडच्या गोळ्या टाकल्या, किंवा रक्त गोठूं न देणारें नवें विष वापरलें, तर विष खाऊन सुस्तावलेला उंदीर प्रथम घुबडाच्या आणि मांजराच्याच तोंडीं जातो, आणि त्याच्या पोटांतलें विष त्यांनाहि बाधूं शकतें. आम्हीं मांगराच्या आसपास विष बंद केलें तें या दोघांसाठीं मिळून. त्यापुढें मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. उपकार दोघांचे सारखे असून देणें सारखें नाहीं. कारण देणें उपकारांतून आलेंच नव्हतें, तें आमच्या परळांतून आलें होतें.

मग तें फेडावयाचें कसें? परळ उचलून टाकणें हा एक मार्ग. पण तीन वर्षांत जीं जन्मलीं त्यांना परळाखेरीज दुसरें जग ठाऊक नव्हतें. परळ ठेवून बाकी दैवावर सोपविणें हा दुसरा. त्याचा शेवट फणसाखालीं पाहिला होता. तिसरा मार्ग आम्हीं २०१९ सालीं धरला, आणि तो अजिबात सुखाचा नव्हता. दार आपोआप पडणारा पिंजरा आणून त्यांत सुका बांगडा ठेवला, एकेक मांजर धरलें आणि पिंजऱ्यावर चादर टाकून पशुवैद्यांकडे नेलें. झांकलें म्हणजे तें शांत राहतें. पिलें होऊं नयेत म्हणून नर-मादींवर शस्त्रक्रिया केली, रेबीजची लस टोंचली, आणि भुलींत असतांनाच डाव्या कानाचें टोंक छाटलें. म्हणजे तें मांजर पुन्हां चुकून धरलें जाऊं नये. दुखणें ओसरल्यावर जेथून नेलें तेथेंच आणून सोडलें. दोन पिलें पांच-सहा आठवड्यांचीं होतीं. त्या वयांत माणसाचा हात लागला तर मांजर माणसाळतें, म्हणून तीं दोन घरीं देतां आलीं. एका पिवळ्या बोक्यानें मात्र तीन आठवडे पिंजऱ्याकडे ढुंकून पाहिलें नाहीं, आणि त्या काळांत आमच्या सुक्या बांगड्यावर गांवांतल्या निदान चार पाळीव मांजरांनीं ताव मारला. पशुवैद्यांच्या वहींत मालकाच्या नांवासाठीं एक रकाना होता. प्रथम आम्हीं ‘मांगरांतलीं’ असें सांगितलें. कारकुनानें वर पाहिलें. मग आमचें नांव घातलें.

आमच्या एका स्नेह्यांस हें सर्व मान्य नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, तुम्हीं त्या मुक्या जीवाचें मातृत्व हिरावून घेतलें आणि त्याला दया म्हणत आहां. रानटी प्राण्याच्या आयुष्यांत एवढा हात घालण्याचा अधिकार तुम्हांला कोणीं दिला? हा आक्षेप आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. मांजरीला विचारतां आलें असतें तर तिनें होकार दिला नसता, हें उघड आहे. पण आम्हीं हात घातला तो शस्त्रक्रियेच्या दिवशीं नव्हे. ज्या संध्याकाळीं पहिलें परळ ठेवलें त्याच संध्याकाळीं घातला होता. किती पिलें जन्मावीं हें तेव्हांपासून आम्हीच ठरवीत होतों, आणि किती जगावीं हें सांथीकडे व पोत्याकडे सोंपवून मोकळे होत होतों. फरक एवढाच कीं, त्या निर्णयावर आमची सही नव्हती. स्नेह्यांचें एक म्हणणें मात्र आम्हीं उचललें आहे: या कृत्याला दया म्हणूं नये. तो सबळानें चालविलेला अधिकार आहे, आणि तो चालविल्याची टोंचणी मनांतून जाऊं देऊं नये हें बरें.

पक्ष्यांचीहि बाजू आहे, आणि ती मांजरांच्या कैवाऱ्यांना ऐकावयास आवडत नाहीं. न्यूझीलंडजवळच्या स्टीफन्स बेटावर १८९४ च्या सुमारास दीपगृहाबरोबर मांजर आलें, आणि तेथला एक न उडणारा चिमुकला पक्षी दोनएक वर्षांत नाहींसा झाला; जगांत तो दुसरीकडे कोठेंच उरला नव्हता. आमच्या मांगरांत एवढा अनर्थ नसला तरी दयाळाचीं पिसें पायरीवर आम्हीं अनेकदां पाहिलीं आहेत. तेंहि आमच्याच खातीं जमा आहे. मांजरें चारच राहिलीं, अंधार पडण्यापूर्वीं तीं खाऊन माळ्यावर गेलीं, तर पिसें कमी दिसतात. अजिबात दिसत नाहींत असें नाहीं.

सध्यां मांगरांत चार मांजरें आहेत. चौघांचेहि डावे कान आंखूड आहेत. बाजारांतून परत आलेली ती मादी त्यांत सर्वांत वयस्क. तिच्या तोंडांतले दांत पडूं लागल्यामुळें आतां भात मऊ कालवावा लागतो. आम्ही परळ ठेवून वळलों, खळें ओलांडून घराच्या पायरीवर चढलों आणि दिवा लावला म्हणजे ती उतरते. इतक्या वर्षांत त्या अंतरांतलें एक पाऊलहि तिनें आम्हांला परत दिलेलें नाहीं.

यंदा वैशाखांत मांगराचा माळा नवा करविला. सुताराला आम्हीं सांगितलें कीं, शेवटची फळी भिंतीला भिडवूं नकोस, चार बोटें जागा सोड. तो म्हणाला, “अण्णा, तिथून उंदीर चढतील.” आम्हीं म्हटलें, चढूं देत. त्यानें आमच्याकडे जरा चमत्कारिक दृष्टीनें पाहिलें आणि फळी चार बोटें आंत घेतली.